गुडघे दुखत असताना मुलीला कथकच्या परीक्षेला बसवावे का?

प्रतापनगरची आई

नमस्कार. माझी मुलगी तेरा वर्षांची असून आठवीत शिकते. सातव्या वर्षापासून ती कथक शिकत आहे आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रवेशिका पूर्णपर्यंतच्या परीक्षा तिने दिल्या आहेत. येत्या एप्रिल-मेच्या सत्रात तिला मध्यमा प्रथम या पुढच्या परीक्षेला बसवायचे ठरले आहे. डिसेंबरपासून मात्र तिचे गुडघे दुखत आहेत. उजव्या गुडघ्याच्या वाटीच्या दोन बोटे खाली हाड किंचित पुढे आल्यासारखे दिसते आणि तेथे दाबले की तिला कळ येते. जिना चढताना ती फारशी तक्रार करत नाही, परंतु उतरताना कठडा धरल्याशिवाय उतरत नाही.

तिचा वर्ग एका निवासी इमारतीच्या तळमजल्यावर भरतो आणि तेथे काँक्रीटवर थेट चकचकीत टाइल्स बसवलेल्या आहेत. परीक्षा जवळ आल्यामुळे आठवड्यातून दोन दिवसांचा वर्ग पाच दिवसांचा झाला असून प्रत्येक वेळी पाऊण तास तत्कार, म्हणजे तळवे तालात वाजवण्याचा सराव, असतो, तोही एकेका पायात शंभर घुंगरांचे चाळ बांधून. मी बाईंना सांगून पाहिले. पाय तयार होताना थोडे दुखणारच, असे त्या म्हणाल्या. त्यांनी स्वतः तसेच शिकले आहे आणि मुलीवर त्यांचा अतिशय जीव आहे, त्यामुळे त्यांच्या हेतूबद्दल माझ्या मनात शंका नाही.

यजमानांचे म्हणणे आहे की वर्गच बंद करावा. दहावीला मिळणाऱ्या वाढीव गुणांसाठी परीक्षा वेळेत व्हाव्यात, ही काळजी मला आहे हे मी लपवत नाही. मुलगी मात्र रात्री पायाखाली उशी घेऊन झोपते आणि सकाळी पुन्हा वर्गाला जायला तयार असते. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

ठाह-दुगुन

प्रतापनगरची आई, मी गेली बावीस वर्षे नागपुरात कथक शिकवते, त्यामुळे शिक्षिकेच्या बाजूनेच बोलते. मे महिन्यातील परीक्षा सोडून द्या. मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा, म्हणजे एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर अशा सत्रांत होतात, आणि एक सत्र चुकल्याने विद्यार्थिनीचे काहीही बिघडत नाही. प्रारंभिक, प्रवेशिकेच्या दोन, मध्यमेच्या दोन आणि विशारदच्या दोन अशा सात पायऱ्या चढायला सात-आठ वर्षे लागली तर ती गती योग्यच आहे. वर्षाला दोन परीक्षा देऊन घाईने विशारद झालेल्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यांना तोडे (नाचाच्या बांधलेल्या रचना) पाठ असतात, पण लहरा (साथीची फिरती धून) जरा मंद केला की त्या अडखळतात, कारण ठाह म्हणजे संथ लयीत उभे राहण्याची सवयच झालेली नसते.

दहावीच्या गुणांविषयी सांगायचे तर, शास्त्रीय नृत्याच्या मान्यताप्राप्त परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना राज्य मंडळाकडून वाढीव गुण मिळतात आणि त्याचा प्रस्ताव शाळेमार्फत जातो. आपली मुलगी आताच तीन परीक्षा उत्तीर्ण आहे आणि दहावी अजून दोन वर्षे दूर आहे. शाळेतील लिपिकांकडे प्रमाणपत्रांच्या प्रती घेऊन जा आणि सध्याच्या नियमानुसार किती परीक्षांना किती गुण आहेत हे विचारून घ्या. मला वाटते, आपल्या काळजीचा अर्धा भाग तेथेच उतरेल.

आता पाऊण तास तत्काराविषयी. मात्रेची लय मिनिटाला ८० धरली तर चौगुनीत, म्हणजे मात्रेला चार आघात धरून, मिनिटाला ३२० आघात होतात. दहा मिनिटांत ३२००. त्यांतील निम्मे उजव्या पायाचे आणि निम्मे डाव्या पायाचे, आणि ते सारे दगडासारख्या कठीण जमिनीवर. आठवड्यातून दोन दिवसांवरून एकदम पाच दिवसांवर जाणे म्हणजे वाढत्या वयातील हाडाला सावरायला वेळच न देणे होय. मी माझ्या वर्गात आठवड्याचा तत्कार एका वेळी थोडाच वाढवते आणि कठीण दिवसानंतर एक दिवस केवळ हस्तक (हातांच्या हालचाली), गत (चालीचे प्रकार) आणि अभिनय घेते.

चाळांचेही तसेच आहे. तेरा वर्षांच्या मुलीच्या पायात शंभर घुंगरे बांधण्याची मला गरज वाटत नाही. पन्नास पुष्कळ झाली. शिवाय घुंगरांचा नाद चुका झाकतो. चाळ सोडून, ध्वनिमुद्रण न लावता, केवळ तळव्याचा आवाज ऐका. सोळा मात्रांतील प्रत्येक आघात सारखा वाजतो आहे का, की डावा पाय मऊ पडतो, हे लगेच कळते. ज्या मुलींचा पाय गुडघ्यापर्यंत उचलला जातो त्यांचे गुडघे लवकर दुखतात, कारण त्या तळवा ठेवत नाहीत, आपटतात. पाय जमिनीपासून दोन-तीन बोटे उचलावा, पूर्ण तळवा एकदम टेकवावा, आणि गुडघा ताठ कुलूपबंद न ठेवता किंचित सैल असावा. एवढे जरी सुधारले तरी आवाज वाढतो आणि मार कमी होतो.

हाडे-सांधे

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझ्याकडे नाचणारी तसेच मैदानी खेळ खेळणारी मुले येतात. येथे मजकूर वाचून निदान करणे योग्य नाही, त्यामुळे प्रथम अस्थिरोगतज्ज्ञांना प्रत्यक्ष दाखवा. तरीही, वाटीखालील हाडाचा पुढे आलेला उंचवटा, दाबल्यावर कळ आणि जिना उतरताना दुखणे ही लक्षणे वाचून वाढीच्या वयात सर्रास आढळणारा एक त्रास आठवतो, ज्याला ऑस्गुड-श्लॅटर म्हणतात. मांडीच्या पुढच्या स्नायूचा कंडरा वाटीवरून येऊन नडगीच्या हाडाच्या ज्या टोकाला चिकटतो, तेथे या वयात हाड पूर्ण पक्के झालेले नसते. उंची भराभर वाढत असताना स्नायू हाडाच्या मानाने आखूड पडतो आणि त्या जागी सतत ओढ बसते. मुलींमध्ये हे साधारण दहा ते तेराच्या सुमारास आणि मुलांमध्ये त्यानंतर एक-दोन वर्षांनी दिसते.

बहुतेकांना हा त्रास वाढ पूर्ण होताना आपोआप ओसरतो, पण त्याला काही महिने, कधी वर्ष-दीड वर्षही लागते. नाच पूर्ण बंद करण्याची गरज सहसा पडत नाही. उड्या, गुडघ्यांवर बसून करायचे प्रकार आणि जलद तत्कार काही आठवडे थांबवावे लागतात. मी पालकांना एक साधा हिशेब सांगते. नाचताना किंचित जाणवणारे दुखणे दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्ण शमले असेल तर तेवढा भार चालतो. सकाळी उठताना तेच दुखणे शिल्लक असेल तर आदल्या दिवशी जास्त झाले असे समजावे. हे रोज एका वहीत लिहून ठेवा, कारण मुले आवडत्या गोष्टीसाठी दुखणे लपवतात आणि आपली मुलगी तसे करत असावी असे वाटते. दुखऱ्या जागेवर पातळ कापडात गुंडाळलेला बर्फ दहा ते पंधरा मिनिटे ठेवता येतो. मांडीच्या पुढच्या-मागच्या आणि पोटरीच्या स्नायूंना सावकाश ताण देण्याचे व्यायाम कोणाकडून तरी प्रत्यक्ष शिकून घ्या.

आता ज्या लक्षणांत वाट पाहू नये ती सांगते. रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, गुडघ्यात सूज किंवा पाणी, गुडघा मध्येच अडकणे, लंगडणे, ताप, आणि नडगीच्या हाडावर एकाच ठिकाणी बोट ठेवताच जाणवणारी तीव्र कळ. ही शेवटची कळ हाडाला सूक्ष्म तडा गेल्याची असू शकते आणि ती अंगावर काढून नाचत राहिल्यास तडा वाढतो. ज्या मुली भरपूर सराव करून कमी खातात आणि ज्यांची पाळी सुरू होऊन पुन्हा थांबली आहे, त्यांच्या बाबतीत मी ही शंका लवकर घेते. म्हणून सर्व शिक्षकांना हात जोडून विनंती आहे की वर्गात मुलीच्या वजनाबद्दल एक शब्दही बोलू नये. वेशभूषा घट्ट झाली तर शिलाई उसवून सैल करावी.

मनीषनगरचे बाबा

आमच्या घरी दोन्ही मुली भरतनाट्यम् शिकतात आणि त्यांच्याही वर्गात टाइल्सच आहेत. आम्ही घरी सरावासाठी योगासनांची जाड रबरी चटई आणली आहे. ती पुरेशी आहे का? जमीन कशी असावी याबद्दल कोणी नीट सांगेल का?

ठाह-दुगुन

मनीषनगरचे बाबा, ती चटई व्यायामापुरती ठेवा, नाचासाठी वापरू नका. रबरी पृष्ठभागावर तळवा चिकटून राहतो. चक्कर घेताना अंग वळते आणि पाऊल मागे राहते, त्यामुळे सगळा पीळ गुडघ्यात जातो. सतरंजीचा धोका याच्या उलट आहे. ती टाइल्सवर सरकते आणि मुलगी पडते.

नाचासाठी जमिनीत थोडी लवचीकता लागते आणि ती लाकडाखाली पोकळी असेल तरच मिळते. म्हणूनच टाइल्सवर प्लायवुड नुसते अंथरून फारसा उपयोग होत नाही. मी भाड्याच्या जागेत असताना असे केले होते: जमिनीवर ठराविक अंतराने रबराचे जाड तुकडे लावलेल्या लाकडी पट्ट्या ठेवल्या, त्यांवर जाड प्लायचे दोन थर घातले आणि वरच्या थराचे सांधे खालच्या थराच्या सांध्यांवर येणार नाहीत असे आडवे बसवले. सगळे स्क्रू डोके आत जाईल असे पिळून घेतले आणि कडांना गोलाई दिली. जागा सोडताना सुटे करून नेता आले. वर पॉलिश केले नाही, कारण पॉलिश केलेल्या लाकडावर घामाचा पाय घसरतो. घरी एका मुलीच्या सरावापुरता चार फूट बाय चार फुटांचा असा पाट सुताराकडून करून घेता येतो. त्यावर तत्कार आणि अडवू (भरतनाट्यम् मधील मूळ पदन्यास) होतात. चक्करांसाठी मात्र तो लहान पडतो आणि त्यावर चक्कर घेऊ देऊ नये.

भरतनाट्यम् करणाऱ्या मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहा. अरैमंडीत, म्हणजे गुडघे बाजूला उघडून अर्ध्या बैठकीत, बसल्यावर समोरून बघा की गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेने उघडतो आहे का. पावले बाजूला वळली आहेत आणि गुडघे मात्र आत झुकले आहेत असे दिसले, तर वळण नितंबाच्या सांध्यातून न येता गुडघ्यातून ओढले जात आहे. अशा वेळी पावले थोडी कमी उघडून बसायला सांगावे. वर्षभरात बैठक आपोआप खाली जाते. मांडीवर हात ठेवून खाली दाबणे शिक्षकांनी कटाक्षाने टाळावे, आणि कोणत्याही मुलाला हात लावून दुरुस्ती करण्यापूर्वी विचारावे.

नागपूरच्या उन्हाळ्याबद्दल येथेच लिहिते, कारण परीक्षेची धावपळ नेमकी त्याच काळात असते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. मी मार्चच्या अखेरीपासून वर्ग सकाळी सहाला घेते आणि दुपारचे सगळे वर्ग बंद ठेवते. डेझर्ट कूलरचा झोत थेट नाचण्याच्या जागेवर येऊ देऊ नये. जाळीतून उडालेले बारीक तुषार टाइल्सवर बसतात, डोळ्यांना दिसत नाहीत, आणि पहिल्याच चक्करला पाय निसटतो. माझ्या वर्गातील एका मुलीचे मनगट अशाच प्रकारे मोडले. तेव्हापासून दर वीस मिनिटांनी जमीन कोरड्या फडक्याने पुसली जाते आणि त्याच वेळी सर्वांना पाणी प्यायला लावते. ताक किंवा मीठ घातलेले कैरीचे पन्हे डब्यात पाठवावे. कोरड्या हवेने टाचांना भेगा पडतात आणि त्यांतून रक्त येईपर्यंत मुली काही बोलत नाहीत. रात्री पाय धुऊन कोकम तेल लावून मोजे घालायला सांगा, मात्र सकाळी वर्गाला येण्यापूर्वी पाय साबणाने धुतलेच पाहिजेत, नाहीतर तेलाने घसरायला होते. डिसेंबर-जानेवारीत उलट परिस्थिती असते. पहाटे जमीन गार असते आणि स्नायू आखडलेले असतात, म्हणून अंग गरम करायला मी दुप्पट वेळ देते.

पढंत

मी आता नोकरी करते, पण विशारदपर्यंत कथक शिकले आहे. मध्यमेच्या वर्षी माझा घोटा मुरगळला होता आणि सहा आठवडे पाय टेकवायला मनाई होती. प्रतापनगरची आई, आपल्या मुलीसाठी तो अनुभव सांगते.

माझ्या गुरूंनी वर्ग चुकवू दिला नाही. मी खुर्चीवर बसून इतर मुलींच्या नाचाला ताल द्यायचे आणि बोल म्हणायचे. पहिल्याच आठवड्यात एक चूक उघडकीस आली. सोळा मात्रांच्या तीनतालात समेपासून, म्हणजे पहिल्या मात्रेपासून, सुरू होणारी एक तिहाई होती, पाच मात्रांचा तुकडा तीनदा आणि मध्ये एकेका मात्रेची विश्रांती. तीन वेळा पाच म्हणजे पंधरा, अधिक दोन विश्रांती म्हणजे सतरा, आणि सतरावी मात्रा हीच पुढच्या आवर्तनाची सम. नाचताना मी दुसरी विश्रांती गिळून टाकत होते आणि सोळाव्या मात्रेवर येऊन थांबत होते. पायांच्या वेगात ते कोणाला कळत नव्हते, कारण मी शेवटचा ‘थेई’ किंचित लांबवून समेवर जुळवून घेत असे. हातावर ताल देऊन म्हणताना मात्र टाळी आणि बोल सरळसरळ वेगळे पडले. गुरूंनी मला त्या रिकाम्या मात्रेवर मोठ्याने ‘एक’ म्हणायला लावले. आठ दिवस मी घरी, बसमध्ये, जेवणाच्या ताटासमोर ‘एक’ म्हणत होते.

परीक्षेत पढंत, म्हणजे हातावर ताल देत बोल म्हणणे, विचारतातच आणि अनेक मुली तेथेच मार खातात. तेव्हा बसून करण्याच्या गोष्टींची यादी बाईंकडूनच मागून घ्या: सर्व ताल ठाह, दुगुन (दुप्पट लय) आणि चौगुनीत हातावर, तोडे-तुकड्यांची पढंत, हस्तमुद्रांचे विनियोग (कोणती मुद्रा कशासाठी वापरतात ते) आणि वरच्या परीक्षांच्या लेखी उत्तरपत्रिकेसाठी घराण्यांचा इतिहास. ही मागणी आपण केली तर मुलगी शिक्षण सोडत नाही, हे बाईंनाही दिसेल. त्यांना बहुधा तीच भीती वाटत असावी.

प्रतापनगरची आई

सर्वांचे मनापासून आभार. अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवले. क्ष-किरण तपासणी झाली आणि हाडे-सांधे यांनी म्हटले होते तोच त्रास निघाला. उड्या आणि जलद तत्कार सहा आठवडे बंद आहेत.

मी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन बाईंकडे गेले. जाण्यापूर्वी ठरवले होते की इतरांसमोर किंवा फोनवर बोलायचे नाही. वर्ग सुटल्यावर त्या एकट्या असताना मुलीची वही त्यांच्यापुढे ठेवली. त्या वहीत चौदा दिवसांच्या नोंदी आहेत आणि त्यांतील नऊ सकाळी तिने स्वतःच्या अक्षरात ‘उतरताना दुखले’ असे लिहिले आहे. बाई बराच वेळ ती पाने वाचत राहिल्या. नंतर म्हणाल्या की त्यांचेही दोन्ही गुडघे चाळिशीपासून दुखतात आणि आता त्या मांडी घालून बसू शकत नाहीत. मे महिन्याची परीक्षा त्यांनी स्वतःच नको म्हटले. मुलगी आता वर्गात त्यांच्या शेजारी स्टुलावर बसून लहान मुलींची पढंत घेते.

पहिले तीन दिवस ती घरी येऊन रडली, हेही सांगायला हवे. बरोबरीच्या चार मैत्रिणी परीक्षेला बसत आहेत आणि हिला त्यांना ताल द्यायचा आहे, हे तेराव्या वर्षी सोपे नसते. मी तिची समजूत काढायला गेले नाही. चौथ्या दिवशी तिने पढंत यांची सतरा मात्रांची तिहाई वहीच्या मागच्या पानावर चौकटी काढून मांडली आणि मला टाळी द्यायला बसवले. मी दोनदा चुकले.

मनीषनगरचे बाबा

आमच्या वर्गातील पालकांनी मिळून शिक्षिकांशी बोलून संपूर्ण खोलीला ठाह-दुगुन यांनी सांगितल्याप्रमाणे लाकडी जमीन करायचे ठरवले आहे. खर्च पालक आणि वर्ग निम्मा-निम्मा वाटून घेणार आहेत. सुतार विचारतो आहे की तळमजल्यावर पावसाळ्यात प्लाय फुगेल का.

ठाह-दुगुन

साधे प्लाय फुगते, त्यामुळे पाण्यात टिकणारे, ज्याला दुकानात मरीन प्लाय म्हणतात, ते घ्या आणि कापलेल्या सर्व कडा बसवण्यापूर्वी सील करून घ्या. भिंतीपासून चारही बाजूंनी बोटभर जागा मोकळी सोडा, नाहीतर लाकूड फुगल्यावर मधोमध उचलले जाते. जुलै-ऑगस्टमध्ये आठवड्यातून एकदा रात्रभर पंखा चालू ठेवा. दर महिन्याला अनवाणी पायाने सगळ्या जमिनीवर सावकाश फिरून एखादे स्क्रूचे डोके वर आले आहे का, हे शिक्षिकांनी स्वतः तपासावे. स्नेहसंमेलनासाठी सभागृह ठरवाल तेव्हाही रंगमंच आदल्या दिवशी असाच पायाने तपासून घ्या. मागच्या नाटकाच्या नेपथ्याचे खिळे फळ्यांत राहिलेले मला दोनदा सापडले आहेत.

प्रतापनगरची आई

सहा आठवडे झाले. काल डॉक्टरांनी दिवसाआड दहा मिनिटे, ठाह आणि दुगुनीत, चाळांशिवाय तत्कार करायला परवानगी दिली. सुताराकडून चार फुटांचा पाट करून घेतला आहे. एक शंका आहे: पाट आमच्या दुसऱ्या मजल्यावरील घरात ठेवायचा आहे आणि खाली राहणाऱ्या आजी आजारी असतात. आवाज कमी करण्यासाठी पट्ट्यांखाली रबराऐवजी आणखी काही घालता येईल का?

ठाह-दुगुन

रबराच्या खाली फोमचा पातळ थर घालून पाहा, पण पाट डुलणार नाही एवढाच. आणि आजींना दुपारी झोपण्याची वेळ विचारून सरावाची वेळ त्यानुसार ठरवा.

प्रतापनगरची आई

विचारले. त्या म्हणाल्या, सकाळी साडेसहाला करू दे, तेव्हा त्या जाग्याच असतात.